आतड्याचे दुखणे आणि देहाची लाज

२४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथे हृदयविकाराचा झटका आला. अध्यक्षांच्या प्रकृतीविषयी देशापासून काही दडवून ठेवायचे नाही, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले. त्यानुसार बॉस्टनचे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी वार्ताहरांना सविस्तर माहिती दिली आणि ती देता देता अध्यक्षांना शौचास साफ झाल्याचेही सांगून टाकले. वैद्याच्या दृष्टीने ती शुभवार्ताच होती. परंतु दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्तसेनांचे आधिपत्य केलेल्या या सेनानीला, ही वार्ता वृत्तपत्रांत आल्याचे मागाहून कळले तेव्हा विलक्षण संकोच वाटला. पुढे नऊ महिन्यांनी, जून १९५६ मध्ये, त्याच आयझेनहॉवर यांच्या आतड्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येऊन मार्ग अडला होता. आज ज्याला क्रोन रोग म्हणतात तोच हा विकार. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडूनही आले.

या प्रसंगात एक गोष्ट सहज लक्षात येते. शरीराचे अवयव वैद्यकाला सारखे असले, तरी समाजाला ते सारखे नसतात. हृदयाच्या दुखण्याला एक प्रकारची प्रतिष्ठा आहे. त्याची चौकशी बैठकीच्या खोलीत होऊ शकते. आतड्याचे दुखणे मात्र माजघराच्याही पलीकडे, परसदारी ठेवले जाते. वस्तुतः मराठी भाषेने आतड्याला मोठा मान दिला आहे. परक्यासाठी तुटते ते आतडेच आणि जिव्हाळ्याची म्हणून ओळखली जातात ती आतड्याचीच माणसे. परंतु हेच आतडे खरोखर आजारी पडले, की ते बोलण्याचा विषय राहत नाही. ‘शौच’ या शब्दाची कथाही अशीच आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ शुचिता, पवित्रता. आज तो शब्द उच्चारताना माणसे आवाज खाली आणतात. ज्या विकारात हा न बोलण्याचा व्यवहार दिवसातून दहा-पंधरा वेळा करावा लागतो, त्या विकाराच्या रोग्याला स्वतःच्या देहाविषयी काय वाटत असेल, हा प्रश्न म्हणूनच क्वचित विचारला जातो. तो विचारण्याची वेळ आली आहे.

तारुण्यातला पाहुणा

आतड्यांच्या दाहरोगाचे मुख्य प्रकार दोन. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पडणे. हे नाव लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली वापरले. दुसरा क्रोन रोग. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तिघांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि तेथे दीर्घकाळ दाह चालू राहतो, हे दोहोंचे सामाईक लक्षण. रक्तमिश्रित जुलाब, पोटात कळा, ताप, रक्तक्षय, झपाट्याने उतरणारे वजन; कधी सांधे, डोळे आणि त्वचाही त्यात ओढली जातात. क्रोन रोगात आतडे अरुंद होते, गुदद्वाराजवळ भगंदर होतात. रोग उफाळतो, शमतो आणि पुन्हा उफाळतो. औषधांनी तो आवरता येतो, समूळ मात्र जात नाही.

एके काळी हा पाश्चात्त्यांचा रोग मानला जाई. गेल्या काही दशकांत तो आशियातील देशांत, भारतातही, वाढत असल्याचे दिसून आले आहे. आपल्याकडे त्याची ओळख पटण्यातही अडचण येते. क्रोन रोग आणि आतड्याचा क्षय यांची लक्षणे इतकी सारखी, की कित्येक रोगी आधी काही महिने क्षयाची औषधे घेतात आणि मग खऱ्या निदानापर्यंत पोहोचतात.

परंतु या रोगाची सर्वांत क्रूर बाब त्याच्या वेळेत आहे. तो बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात प्रथम प्रकट होतो. ज्या वयात माणूस आरशासमोर सर्वाधिक वेळ उभा राहतो, शिक्षण पुरे करून नोकरी शोधतो, लग्नाचा विचार करतो, नेमक्या त्याच वयात हा पाहुणा दारात येऊन उभा राहतो आणि मुक्काम हलवीत नाही. लहान वयात क्रोन रोग जडला तर उंची खुंटते आणि वयात येणेही लांबते. दहावीच्या वर्गातला एखादा मुलगा सातवीतला वाटावा आणि त्याने वर्गाच्या सामूहिक छायाचित्रात नेहमी पुढच्या रांगेतच उभे राहावे, यात त्याला काय सोसावे लागत असेल हे सांगायला नको.

मनातला देह

प्रत्येक माणसाचे देह दोन असतात. एक हाडामांसाचा आणि दुसरा मनातला. व्हिएन्नात घडलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी १९३५ साली या दुसऱ्या देहाविषयी एक ग्रंथच लिहिला आणि देहप्रतिमेची कल्पना मानसशास्त्रात रूढ केली. ही प्रतिमा केवळ आरशातून घडत नाही. शरीर आपल्या आज्ञेत आहे ही खात्री, इतरांच्या नजरेत दिसणारे आपले रूप, लहानपणापासून झालेले कौतुक वा टवाळी, या साऱ्यांतून ती घडते. निरोगी माणसाला तिची जाणीवही नसते. पायात काटा नसताना पायाची आठवण राहत नाही, तसेच हे आहे.

आतड्यांच्या दाहरोगात या प्रतिमेवर तीन बाजूंनी आघात होतात. पहिला खुद्द रोगाचा. अंगावरचे मांस झडते, केस विरळ होतात, पोट फुगते आणि सर्वांत मुख्य म्हणजे जे नियंत्रण मूल दोन-तीन वर्षांचे असताना शिकते, ते प्रौढपणी हातचे जाऊ पाहते. आपले शरीर कोणत्याही क्षणी आपल्याला चारचौघांत उघडे पाडील, ही भीती जडलेला माणूस बाहेरून धडधाकट दिसत असला, तरी आतून सतत पहाऱ्यावर असतो. दुसरा आघात औषधांचा आणि तिसरा शस्त्रक्रियेचा. यांतली विसंगती अशी, की हे दोन्ही आघात जीव वाचविणारेही आहेत.

औषधाने दिलेला चेहरा

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन टोचले आणि ती अल्पावधीत चालू लागली. हेंच, केंडॉल आणि रीशस्टाइन या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ऑक्सफर्डचे ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० रोग्यांवर याच औषधाची पद्धतशीर चाचणी घेतली. तिचे अंतिम निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी या रोगाच्या तीव्र झटक्यात दगावणारे पुष्कळ असत. ते चित्र या औषधाने पालटले. आजही झटका आवरण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे वापरली जातात.

मात्र हे औषध आपली किंमत वसूल करते आणि ती चेहऱ्यावर लिहून ठेवते. काही आठवड्यांत चेहरा गोल होतो; वैद्यकात त्याला ‘चंद्रमुख’ असे नाव आहे. मराठी काव्याने सौंदर्याची उपमा म्हणून जपलेल्या शब्दाची याहून कडवट थट्टा दुसरी नसेल. मुरुमे उठतात, मानेच्या मागे चरबी साठते, पोटावर व मांड्यांवर जांभळट रेघा उमटतात, क्वचित मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते. आणि मग घडते ते मोठे विलक्षण असते. रोगाने वाळलेल्या मुलीला पाहून ज्या आत्याबाई ‘काय गं ही दशा, घरात खायला घालत नाहीत का?’ म्हणून हळहळल्या होत्या, त्याच चार महिन्यांनी तिचा सुजलेला चेहरा पाहून ‘आता कशी छान अंगावर आलीस!’ असे म्हणतात. खरे आजारपण आणि दिसणारे आरोग्य यांची इतकी उलटापालट दुसऱ्या क्वचितच रोगात होत असेल. त्या मुलीला आरशात दिसणारा चेहरा तिचा नसतो. आणि तो चेहरा जगाला आवडला, तरी ती त्याचे काय करणार?

हा प्रश्न केवळ हळवेपणाचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याचा पुढचा टप्पा ध्यानात घ्यावा. चेहऱ्याला कंटाळून कित्येक तरुण रोगी गोळ्या चोरून कमी करतात किंवा एकदम बंद करतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या शरीरातील अधिवृक्क ग्रंथी आपले नैसर्गिक काम थांबवून बसलेल्या असतात. औषध अचानक तोडले, तर रोग उसळतोच. शिवाय रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. म्हणजे आरशातल्या दुःखाची परिणती थेट अतिदक्षता विभागात होऊ शकते. डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर ‘तुझा चेहरा काही काळ बदलेल, मात्रा उतरली की तो बहुतांशी पूर्ववत होईल, पण मला विचारल्यावाचून गोळी सोडू नकोस,’ एवढी दोन वाक्ये बोलली, तर कितीतरी अनर्थ टळतील.

पोटावरची पिशवी

तिसरा आघात शस्त्रक्रियेचा. औषधांना दाद न देणाऱ्या कोलायटिसमध्ये मोठे आतडे काढून टाकावे लागते आणि लहान आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून मलाची वाट तेथून करावी लागते. या मुखाला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटविलेली असते. कधी ही व्यवस्था काही महिन्यांपुरती असते, तर कधी जन्माची.

पूर्वी हे टोक त्वचेच्या पातळीवरच शिवले जाई. पाचक रसांनी त्वचा भाजून निघे आणि रोगी त्या वेदनेने जेरीस येई. बर्मिंगहॅमचे शल्यविशारद ब्रायन ब्रुक यांनी १९५२ साली सदऱ्याची बाही दुमडावी तसे ते टोक उलटे दुमडून किंचित वर ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. कल्पना साधी, पण तिने हजारोंचे जिणे सुसह्य केले. दुसरी सुधारणा कोणा शल्यविशारदाने नव्हे, तर एका परिचारिकेने केली. डेन्मार्कच्या एलिसे सोरेन्सन यांची धाकटी बहीण थोरा हिच्यावर अशीच शस्त्रक्रिया झाली होती. चारचौघांत पोटातून गळती होईल या धास्तीने थोरा घराबाहेर पडेनाशी झाली. तिच्यासाठी एलिसे यांनी १९५४ साली अंगाला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी प्लॅस्टिकची पिशवी कल्पिली. प्लॅस्टिकच्या वस्तू बनविणाऱ्या आगे लुई-हान्सेन या कारखानदाराने, परिचारिका असलेल्या आपल्या पत्नीच्या आग्रहावरून, ती तयार केली. जगभर वापरल्या जाणाऱ्या आजच्या पिशव्यांचे मूळ तेथे आहे. थोराची शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. वैद्यकाच्या हिशेबी तिचे काम संपले होते. ते संपले नाही, हे तिच्या बहिणीने ओळखले. या साऱ्या विषयाचे मर्म त्या ओळखण्यात आहे.

अमेरिकी फुटबॉलपटू रॉल्फ बेनिर्श्के याची हकीकतही येथे आठवण्यासारखी आहे. सॅन दिएगोच्या संघातला हा खेळाडू १९७९ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसने मरणाच्या दारात जाऊन आला. लागोपाठच्या शस्त्रक्रियांनी त्याच्या बळकट देहाचा सापळा उरला. त्या नोव्हेंबरात त्याला सन्मानाने मैदानावर बोलाविण्यात आले, तेव्हा धिप्पाड सहकारी लुई केल्चर याने त्याचा हात धरून त्याला मध्यापर्यंत नेले. १९८० च्या मोसमात बेनिर्श्के पुन्हा खेळू लागला. पोटावर पिशवी होतीच. २ जानेवारी १९८२ रोजी मायामीविरुद्धचा अटीतटीचा सामना जादा वेळेत त्याच्याच पायाने जिंकून दिला. संघाला त्याचा पाय हवा होता. पोटावर काय आहे हा हिशेब मैदानाने धरला नाही.

तथापि अशा कथा सांगताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. २०१४ साली ब्रिटनमधील क्रोन रोगी बेथनी टाउनसेंड या तरुणीने पोटावरच्या पिशव्या स्पष्ट दिसतील असे आपले पोहण्याच्या पोशाखातील छायाचित्र प्रसिद्ध होऊ दिले. ते जगभर पाहिले गेले आणि असंख्य रोग्यांना त्याने धीर दिला. हे धैर्य वंदनीयच. पण धैर्याची सक्ती होता कामा नये. जो रोगी आपली पिशवी सदऱ्याखाली झाकून मुकाट्याने कचेरीत जातो, तो भित्रा नसतो. झाकणे हाही त्याचा हक्क आहे. प्रश्न एवढाच, की तो झाकतो ते स्वतःच्या इच्छेने की आपल्या भयाने.

दोष कोणाचा?

या भयाला एके काळी वैद्यकानेच खतपाणी घातले, हे मान्य करावे लागते. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मनातील संघर्षांतून उद्भवणाऱ्या विकारांच्या मालिकेत दमा, संधिवात यांच्याबरोबर अल्सरेटिव्ह कोलायटिसलाही बसविले होते. कैक वर्षे या रोग्यांकडे परावलंबी, हट्टी, भावना दाबून ठेवणारी माणसे म्हणून पाहिले गेले. आतड्यातून रक्त जात असताना मनाची झडती घेतली गेली. पुढील संशोधनाने हे मत टिकू दिले नाही. २००१ साली क्रोन रोगाशी निगडित असलेले पहिले जनुक सापडले. आनुवंशिकता, प्रतिकारयंत्रणा, आतड्यातील सूक्ष्मजीव आणि परिस्थिती यांच्या गुंतागुंतीतून रोग उद्भवतो, असे आज मानले जाते. ताणाने दुखणे वाढू शकते. पण ताण हे त्याचे मूळ नव्हे. शास्त्राने सोडलेले मत समाजाने मात्र जपून ठेवले आहे. ‘फार विचार करतोस, म्हणून पोट बिघडते’, ‘बाहेरचे खाल्लेस, त्याचे हे फळ’ ही वाक्ये घरोघर ऐकू येतात. शरीराची लाज कमी होती म्हणून की काय, तिच्यावर स्वभावाचा दोषही लादला जातो.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली कलंकाविषयी लिहिताना एक भेद दाखविला होता. ज्याचे व्यंग दिसते त्याला लोकांच्या नजरेचा ताण असतो. ज्याचे दिसत नाही त्याला उघडे पडण्याचा. दुसऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते, की सांगावे की न सांगावे, कोणाला, कधी आणि किती. आतड्याच्या रोग्याचे दुर्दैव असे, की तो या दोन्ही पंगतींत बसतो. चेहऱ्यावरचे सर्वांना दिसते आणि पोटातले लपवावे लागते.

रोग शमला म्हणजे हे दुःखही शमत असेल, असे सहज वाटते. तसे होत नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात नव्याने निदान झालेल्या रोग्यांचा काही काळ मागोवा घेणारे एक संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. रोगाचा जोर ओसरला, तरी देहाविषयीचे असमाधान त्या प्रमाणात ओसरले नाही, असे त्यात आढळले. हे असमाधान स्त्रियांत अधिक होते आणि ज्यांना स्टेरॉइडे दीर्घकाळ घ्यावी लागली त्यांच्यातही अधिक होते. दुर्बिणीतून पाहिले तर आतडे भरून आलेले आणि मन मात्र ओले, असा हा प्रकार.

पाहणाऱ्यांचे डोळे

आपल्याकडे या असमाधानाला आणखी काही धार येते. लग्न ठरविताना मुलगी दाखविण्याची चाल आजही पुरती गेलेली नाही. त्या बैठकीत रंग, उंची, अंगकाठी यांची नोंद होते. जिच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे, तिने तो सांगावा तर स्थळ जाते आणि न सांगावा तर फसवणूक ठरते. घरचे लोक बहुधा तिसराच मार्ग काढतात. ते दुखण्याचे नावच बदलून टाकतात. ‘जरा ॲसिडिटी आहे’ असे सांगतात. मुलगी त्यातून एकच अर्थ काढते, की आपला देह ही कुटुंबाची लपविण्याजोगी गोष्ट आहे. पुरुषांची गोष्ट वेगळी नाही, फक्त अधिक मुकी आहे. बळ, कमाई आणि सहनशक्ती यांनी मोजल्या जाणाऱ्या पुरुषाला अशक्त शरीराविषयी तक्रार करण्याची मुभाच नसते.

दैनंदिन व्यवहारही याच बाजूला झुकलेला आहे. मुंबईच्या उपनगरी लोकलच्या डब्यात शौचालय नसते. कल्याणहून वा विरारहून तासा-दीड तासाचा प्रवास करणारा आतड्याचा रोगी सकाळी उपाशी निघतो, कोणत्या स्थानकावर शौचालय आहे आणि ते उघडे असते की नाही याचा नकाशा पाठ करतो आणि कचेरीत उशिरा पोहोचून ‘गाडी चुकली’ म्हणतो. खरे कारण सांगण्यापेक्षा आळशी ठरणे त्याला सोपे वाटते. कायद्याची साथही अपुरी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या एकवीस प्रकारांत आतड्यांच्या दाहरोगाचा समावेश नाही.

इतरत्र काय घडले, याचे एक उदाहरण बोलके आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात क्रोन रोग असलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीला दुकानात कर्मचाऱ्यांचे शौचालय वापरू दिले गेले नाही आणि तिची भर दुकानात फजिती झाली. तिने व तिच्या आईने प्रश्न लावून धरला. २००५ साली त्या राज्याने कायदा केला, की अशा रोग्यांना दुकानांनी निकडीच्या वेळी आपले शौचालय वापरू द्यावे. पुढे इतर अनेक राज्यांनी तो उचलला. एका शाळकरी मुलीची लाज तिची एकटीची राहिली असती, तर ती आयुष्यभर पुरली असती. ती सार्वजनिक झाली तेव्हा तिचा कायदा झाला.

चोचले की उपचार?

यावर एक आक्षेप संभवतो. ज्या देशात रक्तक्षय आणि क्षयरोग यांचेच ओझे पेलत नाही, तेथे चेहऱ्याचे आणि पोटावरच्या व्रणाचे दुःख म्हणजे चोचले नव्हेत काय? जीव वाचला, हे काय थोडे झाले? आक्षेप वरवर समंजस आहे, पण तो टिकत नाही. चेहऱ्यामुळे गोळी सोडणारा तरुण आणि पिशवीच्या धास्तीने शस्त्रक्रिया इतकी लांबणीवर टाकणारी स्त्री, की तोवर आतडे फाटण्याची वेळ यावी, ही दोघेही जिवाचेच मोल देत असतात. देहप्रतिमा हा उपचारानंतरचा साजशृंगार नव्हे. उपचार स्वीकारला जाईल की नाही, हे तीच पुष्कळदा ठरविते.

उपाय फार खर्चाचे आहेत असेही नाही. स्टेरॉइड शक्य तितक्या लवकर उतरवून अन्य औषधांकडे वळावे, हे आजचे वैद्यकीय धोरणच आहे. क्रोन रोगासाठी इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली, तेव्हापासून जैविक औषधांचा पर्याय वाढत गेला आहे. मात्र ती महाग आहेत आणि सर्वांना परवडत नाहीत. लहान मुलांत केवळ विशिष्ट द्रवाहारावर काही आठवडे ठेवूनही रोग शमविता येतो आणि त्यात वाढ खुंटत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी स्टोमा कोठे काढायचा याची खूण रोग्याला उभे करून, बसवून, तो नेसतो ते वस्त्र विचारून करता येते. साडी वा लुंगी नेसणाऱ्याची कंबर आणि पाटलोण घालणाऱ्याची कंबर सारख्या जागी बांधली जात नाही, एवढे ध्यानात घेतले, तरी पुढची कैक वर्षे सुखाची जातात. ज्याने स्वतः पिशवीसह संसार केला आहे, अशा माणसाची अर्ध्या तासाची भेट दहा व्याख्यानांचे काम करते. ब्रिटनमधील अशा रोग्यांनी १९५६ साली आपली संघटना उभारली ती याच जाणिवेतून. मुंबईतही ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था हे काम करीत आली आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्टोमाची जाण असलेली एक तरी परिचारिका असावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

बाकीचे काम डॉक्टरांचे नाही, इतरांचे आहे. कोणाच्याही वजनावर, चेहऱ्यावर, अंगकाठीवर बोलून ख्यालीखुशाली विचारण्याची जी सवय आपल्या समाजाला जडली आहे, ती सोडणे यात पैसा लागत नाही. ‘वाळलास’ आणि ‘सुटलास’ हे दोन शब्द बोलीतून काही काळ रजेवर गेले, तर कोणाचे नुकसान होणार नाही. कचेरीतील प्रमुखाला हाताखालच्या माणसाचे निदान ठाऊक असण्याची गरज नाही. त्याची खुर्ची दाराजवळ असावी, एवढी विनंती कारण न विचारता मान्य करता आली की पुरे. आणि शाळेत तर याहून सोपे आहे. तास चालू असताना दर थोड्या वेळाने बाहेर जाणाऱ्या मुलाला ‘आता पुन्हा कुठे?’ असे सगळ्या वर्गादेखत विचारायचे, की त्याच्याशी आधीच एकांतात बोलून, हात वर न करता उठून जाण्याची परवानगी देऊन ठेवायची, हे सर्वस्वी शिक्षकाच्या हाती असते. वर्गाला त्यात काही कळणार नाही. परत येऊन बाकावर बसणाऱ्या त्या मुलाला मात्र कळेल.